वायरकट मशीनवर आजही विंडोज एक्सपी : वापरणाऱ्याचा रिव्ह्यू

पुण्याजवळ भोसरीत आमचं छोटं टूलरूम आहे, डाय-पंचचं (पत्रा कापायच्या-दाबायच्या साच्यांचं) काम. वायरकटच्या (बारीक तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या मशीनच्या) पीसीवर अजून विंडोज एक्सपी आहे आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो की हे अजून का बदललं नाही, म्हणून एकदा नीट लिहितोय.

कारण सरळ आहे. मशीन चालवणारं कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये (मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत) बसतं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर, 32 बिट आणि फक्त एक्सपीचा. विंडोज 11 ला 32 बिट व्हर्जनच नाही आणि आताच्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट शोधून सापडत नाही. डीलरला विचारलं तर म्हणे अख्खा कंट्रोलर बदला. अहो पण टेबल, गाइडवे, ड्रम सगळं ठणठणीत आहे, ते मशीन भंगारात का घालायचं? कंपन्यांनी मशीन वीस वर्षांची विकायची आणि ड्रायव्हर पाच वर्षं सांभाळायचा हे मला अजिबात पटत नाही.

चालायला एक्सपी खरंच चांगलं आहे. मध्येच अपडेट नाही, आपोआप रीस्टार्ट नाही. हार्डन केलेल्या डी-टू (टूल स्टील) प्लेटचा कट रात्रभर चालतो, त्यात पीसी रीस्टार्ट झाला की वायर तिथेच थांबते, जॉबवर लाइन उमटते, नशीब खराब असेल तर वायरही तुटते. माझ्याकडून पाचपैकी चार, पण अटींवर.

पहिली अट म्हणजे नेट नाही. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, आणि मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास पॅच काढावा लागला इतकं ते गंभीर होतं. आमची लॅन (नेटवर्कची जोडणी) बायोसमधूनच, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधूनच, बंद आहे. ड्रॉइंग डीएक्सएफ आर12 या जुन्या कॅड फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पेन ड्राइव्हने नेतो, तो पेन ड्राइव्ह दुसरीकडे कुठेच लावायचा नाही, ऑटोरन (पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम चालणं) बंद. आणि तो 8 जीबीचा, फॅट32 फॉरमॅटचा ठेवा, कारण मोठे पेन ड्राइव्ह बरेचदा एक्सफॅट या नव्या फॉरमॅटचे असतात, साधं एक्सपी ते ओळखत नाही आणि फॉरमॅट करू का विचारतं, ऑपरेटरने यस दाबलं की ड्रॉइंग गेलं.

खरा त्रास हार्डवेअरचा. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, त्यात मेंटेनन्सला लाइट जाते, आणि मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल उतरलेला असेल तर बायोसची सेटिंग उडते. मग शुक्रवारी सकाळी निळी स्क्रीन, एररच्या शेवटी 7बी. लोक हार्डडिस्क गेली समजून सरळ फॉरमॅट मारतात आणि मशीनचे पॅरामीटर घालवून बसतात!! आधी बायोसमध्ये जाऊन बघा, साटा मोड (हार्डडिस्क कशी जोडायची ती सेटिंग) एएचसीआय झाला असेल तर परत आयडीई करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर चालू होतं. सेल काही रुपयांत मिळतो, तोपण बदला.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोटे डबीसारखे पार्ट) फुगलेत का तेही झाकण उघडून बघत जा. क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने डिस्कची इमेज (हुबेहूब कॉपी) काढून दोन ठिकाणी ठेवा आणि त्याच मॉडेलचा जुना मदरबोर्ड मिळतोय तोवर घेऊन ठेवा, नंतर मागतील ती किंमत देऊनही मिळत नाही.

त्याच पीसीवर टॅली, जीएसटी, मेल करणार असाल तर मात्र एक्सपी नकोच, त्यासाठी वेगळा पीसी घ्या.