गोळी, सुई की सलाईन? औषधाच्या तीन वाटांची तुलना

‘सिस्टर, एक सुई देऊन टाका ना, गोळीनं काय होतंय,’ हे वाक्य नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डातल्या पहिल्याच काही दिवसांत ऐकू येते आणि त्याचे नीट उत्तर द्यायचे तर औषधशास्त्राची सुरुवातीची दोन-तीन प्रकरणे जवळजवळ पूर्ण लागतात. औषध कोणत्या वाटेने द्यायचे हे डॉक्टर ठरवतात हे खरे. परंतु ती वाट का निवडली हे देणाऱ्याला ठाऊक नसेल, तर लिहिण्यात झालेली चूक त्याच्या हातून तशीच रुग्णापर्यंत पोहोचते. माझा कल आधीच सांगून टाकतो. रुग्णाला गिळता येत असेल, उलट्या होत नसतील आणि मिनिटांची घाई नसेल, तर गोळी हीच पहिली निवड मानावी आणि सुईची गरज काय, हे सुई सुचवणाऱ्याने पटवून द्यावे.

गिळलेली गोळी जठरात विरघळते, औषध मुख्यतः लहान आतड्यातून शोषले जाते आणि ते रक्त शरीरभर फिरण्याआधी यकृतातून जाते. यकृत म्हणजे या वाटेवरचा जकात नाका. काही औषधांकडून तो जबर वसुली करतो, तर काहींना नुसता हात दाखवून पुढे सोडतो. वर्गात ‘फर्स्ट पास’ म्हणतात ते हेच, आणि वसुलीनंतर मूळ मात्रेचा जो हिस्सा रक्तात पोहोचतो ती त्या औषधाची जैवउपलब्धता. तीव्र वेदनेवरच्या मॉर्फिनचे उदाहरण घ्या: शिरेतून दिलेल्या १० मिलिग्रॅमचा परिणाम तोंडावाटे मिळवायला साधारण ३० मिलिग्रॅम लागतात. लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडचा सरासरी निम्मा भाग पोहोचतो, तोही एका रुग्णात एक आणि दुसऱ्यात भलताच. जंतुसंसर्गावरचे मेट्रोनिडाझोल मात्र जवळजवळ पूर्ण शोषले जाते. रुग्ण सकाळी मऊ भात खाऊन बसला आहे आणि तरी त्याच्या स्टँडला मेट्रोनिडाझोलची १०० मिलिलिटरची बाटली लटकते आहे, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. आतडे व्यवस्थित चालत असेल तर त्या बाटलीतून गोळीपेक्षा फारसे काही अधिक मिळत नाही. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, मात्र आणखी एक दिवस हातात राहते आणि शीर सुजण्याची, जंतुसंसर्गाची शक्यता तेवढी वाढते.

जकात चुकवण्याची एक आडवाट घरोघरी ठाऊक आहे. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी तिथल्या शिरांतून, यकृताला वळसा घालून, थेट हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात मिसळते. तीच गोळी घाईघाईत गिळली, तर तिचा मोठा भाग यकृतातच खर्ची पडतो आणि परिणामही उशिरा येतो. म्हणून ‘गिळू नका, विरघळू द्या’ ही सूचना प्रत्येक वेळी तोंडाने द्यावी.

स्नायूतल्या इंजेक्शनविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ते नेहमीच गोळीपेक्षा लवकर लागू पडते. आकडी थांबवायला वापरतात ते डायझेपाम स्नायूतून इतके हळू आणि बेभरवशाने शोषले जाते की गोळी त्याच्या पुढे निघून जाऊ शकते. आकडीवरच्याच फेनिटोइनची अवस्था याहून वाईट. ते स्नायूतच स्फटिकरूपाने साचते. चालू आकडीत ही दोन्ही औषधे स्नायूत देऊ नयेत ती याचसाठी. शोषणाचा वेग स्नायूतल्या रक्तपुरवठ्यावरही ठरतो, त्यामुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाच्या थंडगार दंडात टोचलेले औषध बराच वेळ तिथेच पडून राहू शकते. नितंबात चुकीच्या जागी सुई गेली तर सायॅटिक नस कायमची दुखावू शकते, हा धोका वेगळाच.

तरीही या वाटेची दोन कामे अशी आहेत की तिथे तिला तोड नाही. पहिले काम ॲनाफिलॅक्सिसचे, म्हणजे अचानक आलेल्या जीवघेण्या ॲलर्जीचे: मोठ्या माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधले अर्धा मिलिलिटर, आणि तेही शीर शोधत न बसता. हेच द्रावण पातळ न करता, नाडी चालू असलेल्या रुग्णाच्या शिरेत ढकलले तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. औषध तेच, वाट चुकली की अर्थ उलटा. दुसरे काम याच्या अगदी विरुद्ध, संथपणाचे. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्यांना बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी देतात. औषध स्नायूत साठून हळूहळू पाझरते आणि रोजची गोळी चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

शिरेतून दिलेल्या औषधाची जैवउपलब्धता शंभर टक्के, कारण ते सरळ रक्तातच जाते. ॲनाफिलॅक्सिस सोडून इतर शॉक (रक्तदाब कोसळणे), बेशुद्धी, न थांबणाऱ्या उलट्या, गंभीर सेप्सिस (शरीरभर भिनलेला जंतुसंसर्ग) अशा वेळी दुसऱ्या वाटेचा विचारही करू नये. पण गोळी चुकून गिळली तर काही करायला थोडा अवधी मिळतो, शिरेत गेलेले औषध परत काढता येत नाही. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता झटक्यात दिल्यास हृदय थांबते. ते नेहमी पातळ करून, मोजून, सावकाश द्यायचे असते. मोजणीचा सरावही इथेच लागतो: ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे असतील आणि ड्रिप सेट मिलिलिटरला २० थेंबांचा असेल, तर १०,००० थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. घड्याळाकडे बघत हे थेंब एकदा तरी स्वतः मोजावेत.

सलाईनने ‘ताकद येते’ या समजुतीला आकड्यांनीच उत्तर द्यावे. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते आणि ऊर्जा शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीतून फार तर १०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे जेमतेम एका पोळीएवढ्या. जुलाबात तर तुलना अधिकच स्पष्ट होते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचे द्रावण तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. कारण साधे आहे: आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते, आणि ही यंत्रणा पटकीतही शाबूत राहते. मूल ओआरएस, म्हणजे असेच मीठ-साखरेचे द्रावण, पीत असेल तर सलाईनचा आग्रह धरू नये; ग्लानीत गेले असेल, पिऊ शकत नसेल, तर क्षणभरही थांबू नये.

इन्सुलिनसाठी मात्र ही तुलना करण्यात अर्थ नाही. ते प्रथिन असल्याने गिळले तर पचून जाते.

वाट बदलताना मात्राही बदलते का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. मेट्रोनिडाझोलची बाटली थांबवून गोळी सुरू करताना मात्रेत सहसा फरक करावा लागत नाही. मॉर्फिनमध्ये तो विसरला तर रुग्ण रात्रभर कण्हत राहील, आणि उलट दिशेने विसरला तर त्याचा श्वास मंदावेल. रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात घातलेली नळी, असलेल्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी. गोळी कुटून पाण्यातून देण्याआधी तिच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिले आहे का ते पाहावे, कारण दिवसभर हळूहळू सुटण्यासाठी बांधलेली मात्रा खलबत्त्यात कुटली की ती सगळी एकदमच सुटते. अशा वेळी कुटणे थांबवून फार्मासिस्टकडे त्याच औषधाचे द्रवरूप मिळते का याची चौकशी करावी, आणि मिळत नसेल तर डॉक्टरांकडून आदेश बदलून घ्यावा.