पेमुतेरन (उत्तर बाली): राहून आणि पैसे गुंतवून काही महिने झाले, सविस्तर अनुभव

आधीच सांगते, हा दक्षिण बालीतल्या गजबजलेल्या कुटा-सेमिन्याक-चांगूचा अनुभव नाही. बीच क्लब, ट्रॅफिक, कॅफेची रांग यातलं इथे काही नाही. पेमुतेरन हे बालीच्या वायव्येला, बुलेलेंग जिल्ह्यातलं समुद्राकाठचं गाव. एअरपोर्टवरून मधले डोंगर ओलांडून यायला गाडीने चार तास सहज लागतात. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, एका बाजूला शांत समुद्र, आणि मधून सिंगाराजा-गिलिमानुक हायवे. नवऱ्याचं काम पूर्ण रिमोट आहे, माझं अर्धवेळ, म्हणून आम्ही आधी वर्षाच्या भाड्याने घर घेऊन राहिलो आणि मग इथेच एक छोटं तयार घर लीजवर घेतलं. ओळखीतले बरेच जण विचारतात की पैसे टाकावे का, तर हे सगळं त्यांच्यासाठी.

गाव आवडलं ते समुद्रामुळे, पण हा समुद्र आपोआप असा राहिलेला नाही. १९९७-९८ च्या आर्थिक संकटाच्या काळात इथे बॉम्ब टाकून आणि सायनाइड वापरून मासेमारी चालायची, त्यात प्रवाळ पार मोडून गेलं होतं. २००० साली इथे बायोरॉकचं काम सुरू झालं. लोखंडी सांगाडे समुद्रात उतरवतात, त्यातून अगदी कमी व्होल्टेजचा करंट सोडतात, मग समुद्राच्या पाण्यातला चुना त्या लोखंडावर बसतो आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे जोमाने वाढतात. पण खरं काम केलं गावाने. मासेमार लोकांनीच समुद्राचे राखणदार नेमले, पेचालांग सेगारा म्हणतात त्यांना, आणि बॉम्बवाल्यांना हाकललं. २०१२ मध्ये या कामाला यूएनडीपीचं इक्वेटर प्राइज मिळालं. मी सकाळी किनाऱ्यावरूनच स्नॉर्कल लावून आत जाते आणि ते सांगाडे आता माशांनी भरलेले दिसतात, मला ते बघून दरवेळी भरून येतं. मेंजांगान बेट बोटीने जवळ आहे, तिथलं पाणी इतकं स्वच्छ की खाली किती खोल आहे याचा अंदाजच चुकतो.

आता राहण्याचं. शांतता आहे, पण कुठे राहता त्यावर अवलंबून. हायवेवरून जावाकडे जाणारे ट्रक रात्रभर असतात, त्यामुळे रस्त्याला लागून घर घेतलंत तर शांतता विसरा. आतल्या गल्लीत गेलात की पहाटे कोंबडे, कुत्रे आणि मंदिरातला गामेलान म्हणजे त्यांचा पारंपरिक वाद्यवृंद, एवढेच आवाज. संध्याकाळी काही घरांमागे कचरा जाळतात, त्यात प्लास्टिकही असतं, तो धूर मला अजून सहन होत नाही आणि त्यावर गावात काहीतरी व्हायला हवं असं मनापासून वाटतं.

पाणी हा सगळ्यात मोठा मुद्दा. बाली म्हटलं की हिरवी भातशेती डोळ्यासमोर येते, ती दक्षिणेची आणि मधल्या डोंगराची. हा कोपरा बेटावरच्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी आहे, पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च आणि नंतर डोंगर तपकिरी होत जातात. किनाऱ्याजवळच्या काही बोअरचं पाणी मचूळ लागतं. प्यायला सगळे १९ लिटरचे गलोन म्हणजे पाण्याचे जार आणतात. आणि पाऊस आला की डोंगरावरून ओढ्याचं पाणी एकदम खाली येतं, एरवी कोरडी दिसणारी चर ही खरं तर पाण्याची वाट असते, जागा बघताना ती कुठून जाते हे शेजाऱ्यांना विचाराच.

वीज प्रीपेड. २० आकडी टोकन विकत घ्यायचं आणि मीटरवर दाबायचं, युनिट संपत आले की मीटर ओरडायला लागतो. युनिटला १४४४ रुपिया, म्हणजे आपले साडेसात-आठ रुपये, दर जड नाही पण १३०० व्हीएच्या (व्हीए म्हणजे कनेक्शनची क्षमता) कनेक्शनवर एसी आणि पंप एकत्र लावला की ट्रिप होतं, घर घेताना कनेक्शन किती व्हीएचं आहे ते बघा. इंटरनेट आमच्या गल्लीत फायबरचं आहे आणि कामापुरतं छान चालतं. दवाखान्याचं मात्र स्पष्ट सांगते, छोट्या गोष्टींना पुस्केस्मास म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण काही गंभीर झालं तर सिंगाराजा, दीड तास तरी धरा, आणि मोठं काही असेल तर थेट देनपासार. बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि गल्लीत कुत्री भरपूर, आम्ही दोघांनी येण्याआधीच रेबीजची लस घेतली. आईवडील वयस्कर असतील आणि सोबत आणणार असाल तर हा मुद्दा सगळ्यात आधी.

शाकाहारी लोकांचं जमतं. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, टोफू, गादो-गादो म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या, नारळ घातलेली उराप भाजी सगळीकडे मिळते, फक्त सांबाल म्हणजे मिरचीच्या चटणीत बऱ्याचदा तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते ती विचारून घ्या. मी तासगावची, त्यामुळे गेरोकगाक आणि सेरिरितच्या बाजूला मांडवावर काळी द्राक्षं बघून मला काय आनंद झाला ते सांगता येत नाही. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि वर्षाला एक पीक, इथे थंडीच नाही म्हणून वेल झोपतच नाही आणि वर्षात एकाहून जास्त वेळा पीक घेतात. बागेतल्या आजोबांशी मी मोडक्या इंडोनेशियनमध्ये तासन्‌तास बोलत बसते. त्यांना मी पाक म्हणते, बायकांना इबू, एवढं शिकलात तरी दारं उघडतात.

आणि न्येपी. बालीचं नवीन वर्ष शक कालगणनेनेच सुरू होतं, आपलाच आकडा. २०२५ मध्ये २९ मार्चला न्येपी आणि ३० ला आपला पाडवा, दोन्ही शके १९४७. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह म्हणजे राक्षसाचे भलेमोठे पुतळे मिरवतात आणि मग २४ तास संपूर्ण बेट बंद, एअरपोर्टसुद्धा, दिवे नाहीत, रस्त्यावर कोणी नाही, मोबाइल डेटाही बंद. ज्याचं ऑफिस भारतात आहे त्याने रजा आधीच टाकावी.

आता पैशाचं, इथे जरा सावकाश वाचा. परदेशी माणसाला इंडोनेशियात हाक मिलिक म्हणजे पूर्ण मालकी मिळत नाही, १९६० च्या जमीन कायद्याने ती फक्त त्यांच्या नागरिकांना आहे. स्थानिक माणसाच्या नावावर घ्या, आतून करार करू असं सांगणारे एजंट भेटतील, त्यांना तिथेच नमस्कार करा, तसा करार त्याच कायद्याने रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. उरतं ते मुख्यतः लीज. म्हणजे तुम्ही जमीन घेत नाही, वर्षं विकत घेता, आणि बहुतेक वेळा सगळे पैसे आधी एकदम द्यायचे.

भाव आर वर सांगतात, १०० चौरस मीटर, आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच आर, गुंठ्याच्या अगदी जवळ. उदाहरण म्हणून हिशोब करते, हा बाजारभाव नाही: एका आरला वर्षाला ५० लाख रुपिया, ५ आर, २५ वर्षं, तर ६२.५ कोटी रुपिया होतात. आपल्या १ रुपयाला साधारण १९० रुपिया धरले तर ३३ लाखांच्या आसपास. ऐकायला स्वस्त वाटतं, पण दरवर्षी त्यातलं एक वर्ष संपतं आणि विकायला गेलात तर उरलेली वर्षंच विकता. मुदतवाढीचा भाव कसा ठरणार हे करारात आकड्याने किंवा सूत्राने लिहिलेलं नसेल तर ती मुदतवाढ कागदावरच आहे असं समजा. लीजच्या भाड्यावर १० टक्के टॅक्स मालकाने भरायचा असतो, तो तुमच्या गळ्यात घालतात का ते आधी बघा.

नोटरीकडून जमिनीचं सर्टिफिकेट जमीन कार्यालयात तपासून घेतलं, हे तर हवंच, पण त्याशिवाय झोन बघा, शेतीच्या हिरव्या झोनमध्ये घर बांधता येत नाही. भरतीच्या रेषेपासून १०० मीटरचा किनारपट्टा सोडायचा असतो. जुलै २०२५ मध्ये दक्षिणेला बिंगिन बीचवरची बांधकामं सरकारने पाडली, ती सरकारी जमिनीवर होती, वर्षानुवर्षं चालू असलेली. जमीन मंदिराच्या मालकीची, लाबा पुरा, नाही ना, आणि कुटुंबाची असेल तर सगळ्या भावांच्या सह्या आहेत ना हेही बघा. आमच्या करारात या सह्या गोळा करायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, पण तो वेळ मला लाखमोलाचा वाटतो, कारण त्या निमित्ताने बंजारची माणसं घरी आली, चहा झाला, आम्ही कोण आहोत ते त्यांना कळलं. बंजार म्हणजे वस्तीची पंचायतच, तिची वर्गणी वेळेवर द्या, मिरवणूक असेल त्या दिवशी रस्ता बंद म्हणून कुरकुर करू नका. कोर्टापेक्षा हे नातं तुम्हाला जास्त सांभाळतं.

भारताच्या बाजूने: एलआरएस म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस म्हणजे बँकेने आधीच कापलेला टॅक्स जातो, तो रिटर्नमध्ये क्लेम होतो, तोवर पैसा अडकतो. भारतात रेसिडेंट असाल तर रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, हे दाखवणं सक्तीचं आहे. आणि १२ महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त इथे राहिलात तर इंडोनेशियाच्या टॅक्समध्येही येता, सीएशी आधी बोला.

व्हिसा थोडक्यात: ऑन अरायव्हल ५ लाख रुपिया, ३० दिवस आणि एकदा वाढवून ६०. नवऱ्याकडे रिमोट वर्कर व्हिसा आहे, ई३३जी, त्याला वर्षाला ६०,००० डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं आणि स्थानिक कमाई चालत नाही. म्हणून "घर टुरिस्टला देऊन भाडं काढू" हा हिशोब आम्ही मांडलाच नाही, त्यासाठी परदेशी गुंतवणुकीची कंपनी, परवाने, मोठं भांडवल सगळं लागतं, आणि गावात रूम्स आधीच बऱ्याच आहेत, पावसाळ्यात रिकाम्या असतात. उत्तर बालीत एअरपोर्ट होणार म्हणून भाव वाढणार असं एजंट सांगतील, उत्तर किनाऱ्यावरच्या कुबुतांबाहानच्या एअरपोर्टची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे, त्या भरवशावर एक रुपियाही जास्त देऊ नका.

आम्ही घेतलं ते स्वतः राहायला, आणि त्या हिशोबाने मी पूर्ण समाधानी आहे. तुम्हाला यायचंच असेल तर आधी ऑक्टोबरात महिनाभर भाड्याने राहा, कोरडा ऋतू संपत आलेला असतो, बोअरचं पाणी तेव्हा चाखा, मग जानेवारीत परत येऊन तीच जागा पावसात बघा, आणि ॲडव्हान्स त्यानंतरच द्या.