कोराचा जमिनीचा तुकडा
कोल्सन व्हाइटहेड यांची २०१६ सालची ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ ही कादंबरी फोर्टच्या फुटपाथवरून घेतली, ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचली. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या कापूसमळ्यातून पळालेल्या कोरा या गुलाम मुलीची ही गोष्ट. ‘अंडरग्राउंड रेलरोड’ हे गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या माणसांच्या गुप्त साखळीचं नाव. कादंबरीत मात्र खरीखुरी भुयारी गाडी धावते. मला गाडीपेक्षा भिडला तो आजीकडून आलेला कोराचा चिमुकला जमिनीचा तुकडा. तिथे एकजण कुत्र्यासाठी घर बांधतो, तर ही पोर कुऱ्हाडीने ते फोडून टाकते! पुढे नॉर्थ कॅरोलायनात माळ्यावर महिनोन्महिने लपून ती भोकातून बाहेर बघते, ते वाचताना माझं घाटकोपर निघून गेलं. इतर पात्रांवरची छोटी प्रकरणं मधेच लय तोडतात. इंग्रजी जड नाही, जरूर घ्या.