डाउनलोड होते, पण गाणे हाती लागत नाही

ध्वनीचा दर्जा आणि संग्रहाचा आवाका एवढेच निकष लावले, तर मी वापरत असलेल्या या सशुल्क संगीतसेवेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. शोध अचूक चालतो, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे विनासायास सापडतात आणि हेडफोन लावला की तानपुऱ्याची जवारीसुद्धा स्वच्छ ऐकू येते. तक्रार सुरू होते ती पैसे भरून डाउनलोड केलेले गाणे स्वतःच्याच दुसऱ्या उपकरणावर न्यायचे म्हटले की.

फोनच्या फोल्डरमध्ये ही गाणी शोधू गेल्यास निरर्थक अक्षरे आणि अंक यांची नावे असलेल्या फाइली दिसतात. त्या पेन ड्राइव्हवर घेऊन गाडीतल्या प्लेअरला जोडल्या, तर तो त्या वाजवत नाही. कारण त्या सांकेतिक रूपात कुलूपबंद असतात आणि किल्ली फक्त कंपनीच्या अ‍ॅपकडे असते. ठरावीक मुदतीत फोन एकदाही इंटरनेटला जोडला नाही, तर अ‍ॅपमधील गाणीही वाजेनाशी होतात. मासिक वर्गणीपुरते हे समजण्यासारखे आहे, कारण भाड्याच्या वस्तूवर मालकी सांगता येत नाही. परंतु याच सेवेत स्वतंत्र किंमत मोजून अल्बम विकत घेण्याचीही सोय आहे आणि त्या अल्बमांनाही नेमके हेच कुलूप आहे.

ग्राहक सेवेकडे विचारणा केली असता, ‘कॉपीराइट कायद्यामुळे हे शक्य नाही’ असे एका ओळीचे उत्तर मिळाले. हे उत्तर अर्धसत्य आहे. गाण्याला कुलूप घालण्याची सक्ती कायदा करत नाही. अ‍ॅपलने तर २००९ मध्ये आपल्या आयट्यून्स दुकानातील गाण्यांवरचे असे कुलूप काढून टाकले. कायदा करतो ते एवढेच, की एकदा घातलेल्या कुलपाला संरक्षण देतो. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराने सदस्य देशांवर तशी जबाबदारी टाकली आणि अमेरिकेने १९९८ च्या कायद्यात ती इतक्या कडकपणे उतरवली, की स्वतःच्या कानांसाठी कुलूप उघडणाऱ्यालाही सहसा सवलत नाही. गंमत अशी, की त्याच अमेरिकेतील अपील न्यायालयाने पुढच्याच वर्षी, रिओ नावाच्या खिशातल्या प्लेअरच्या खटल्यात, संगणकावरील गाणी अशा उपकरणावर उतरवून घेणे हा बिगरव्यापारी वैयक्तिक वापर असल्याचे म्हटले होते. एका हाताने दिलेली मुभा दुसऱ्या हाताने काढून घ्यावी, तसाच हा प्रकार झाला.

इतरत्रही ग्राहकाच्या पदरी फारसे पडलेले नाही. ब्रिटनमध्ये स्वतः घेतलेल्या सीडीची वैयक्तिक प्रत करण्याची परवानगी ऑक्टोबर २०१४ मध्ये मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. नको असलेला अल्बम सीडीप्रमाणे दुसऱ्याला विकावा, तर तेही नाही: विकत घेतलेली डिजिटल गाणी पुन्हा विकण्याच्या रीडिजी या ऑनलाइन बाजारावरील खटल्यात, फाइल हस्तांतरित करताना नवी प्रत तयार होते, या कारणाने २०१८ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने अशी विक्री बेकायदा ठरवली.

कलावंताला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण त्याचा मोबदला मी अल्बम घेतानाच चुकता केला आहे. तेच गाणे मी फोनवर ऐकले की गाडीत, याने त्याचे नुकसान कसे होते, हे ही सेवा सांगू शकत नाही. फुकटात गाणी उचलणाऱ्याला मात्र यातल्या एकाही अडचणीला तोंड द्यावे लागत नाही.

केवळ फोनवर ऐकणाऱ्यांनी या सेवेची मासिक वर्गणी खुशाल घ्यावी. तिच्यासाठी पाचपैकी चार तारे. अल्बमविक्रीच्या विभागाला मी एकच तारा देतो. अल्बम कायमचा हवा असेल, तर कुलूप नसलेली एमपी३ किंवा फ्लॅक फाइल देणारे दुकान शोधावे, आणि पैसे भरण्यापूर्वी अटींमध्ये ‘परवाना मागे घेण्याचा अधिकार’ असे कलम आहे का, ते वाचून घ्यावे. या सेवेत ते अगदी शेवटच्या पानावर आहे.