इमॅजिका की शिर्डी? नाशिकहून निघणाऱ्यांनी रांगेत दिवस न घालवता पार्क कसं करायचं

नाशिकहून एका दिवसात थीम पार्क करायचं म्हटलं की फिरून फिरून दोनच नावं निघतात, खोपोलीजवळचं इमॅजिका नाहीतर शिर्डीचं वेट एन जॉय वॉटर पार्क आणि त्याला लागूनच असलेलं साईबाबांवरचं थीम पार्क, साई तीर्थ. आमच्या वेळेला एस्सेलवर्ल्ड होतं, शाळेच्या सहलीला बोटीत बसून गोराईला जायचं वगैरे, पण १९८९ ला सुरू झालेलं ते पार्क २०२२ ला बंद झालं त्यामुळे तो विषय संपला. गंमत म्हणजे उरलेली दोन्ही आता एकाच घरची आहेत. इमॅजिका २०१३ ला सुरू झालं आणि २०२२ मध्ये मालपाणी ग्रुपकडे आलं, आणि शिर्डीचं आधीपासून त्यांचंच, म्हणजे दोन्हीकडचा मालक आपल्या शेजारच्या संगमनेरचा. पण एकाच घरची असली तरी रांगेच्या बाबतीत दोन्ही पार्कं पूर्ण वेगळी आहेत, आणि नाशिककरांसाठी तर अजूनच वेगळी, कारण एक नव्वद किलोमीटरच्या आसपास आणि दुसरं दोनशेच्या आसपास.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. इमॅजिकाला जाणार असाल तर जास्तीचे पैसे एक्सप्रेस तिकिटावर, म्हणजे वेगळ्या छोट्या लाईनीच्या महाग तिकिटावर, घालण्यापेक्षा आदल्या रात्रीच्या मुक्कामावर घाला. आणि घरातली पोरं अजून सात-आठ वर्षांच्या आतली असतील तर इमॅजिका दोन-तीन वर्षं पुढे ढकला आणि शिर्डी करा.

आता असं का ते बघू.

रांग किती लांब दिसते त्यापेक्षा ती किती वेगाने सरकते हे महत्त्वाचं. समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत २० जण बसतात आणि पट्टे लावणं, चेक करणं, उतरवणं धरून दर तीन मिनिटाला एक गाडी सुटते, तर तासाला ४०० माणसं. तुमच्या पुढे ६०० जण असतील तर दीड तास गेला, मग तुम्ही कितीही जोरात पुढे ढकला. याउलट जिथे हॉलमध्ये एका वेळेला मोठा घोळका आत घेतात, म्हणजे इमॅजिकातल्या रॅथ ऑफ द गॉड्स किंवा आय फॉर इंडियासारखं, तिथे बाहेर मारुतीच्या शेपटासारखी लाईन दिसली तरी दोन-तीन शोमध्ये ती संपते. म्हणून लांब लाईन बघून घाबरून पळू नका आणि छोटी लाईन बघून हुरळून जाऊ नका, आधी पाच मिनिटं उभं राहून एका खेपेला किती माणसं आत गेली ते मोजा. वरून खाली सोडणारा तो मनोरा असतो ना, डेअर टू ड्रॉप, तसल्या राईडला एका वेळेला मोजकीच माणसं बसतात, तिथे छोटी लाईनसुद्धा जीव खाते.

यातूनच दिवसाचा क्रम ठरतो. सकाळी गेट उघडल्यापासूनचा पहिला दीड-दोन तास हा सोन्याचा, तेव्हा नायट्रो, स्क्रीम मशीन, डीप स्पेस, गोल्ड रश एक्सप्रेस ही मोठी मंडळी उरकून घ्यायची, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण दोनशे किलोमीटर आलो ती. बहुतेक लोक काय करतात, आत शिरले की आधी फोटो, मग जी पहिली राईड दिसेल तिच्यात घुसतात, मग नाश्ता. तुम्ही उलटं करा, नकाशा आधीच मोबाईलवर बघून ठेवा आणि थेट मोठ्या कोस्टरला जा. दुपारी बारा ते चार हा सगळ्यात वाईट काळ, तेव्हा एसीतल्या हॉलच्या राईड्स आणि शो करा. जेवण एकतर साडेअकराला नाहीतर तीननंतर, एक ते दोनमध्ये जेवायला गेलात तर राईडची लाईन वाचते म्हणावं तर जेवणाच्या काउंटरवर तेवढाच वेळ जातो. आणि संध्याकाळी लांबून आलेले, बसने आलेले ग्रुप निघायला लागले की परत मोठ्या राईड्सकडे वळा, शेवटच्या तासात बऱ्याचदा आवडलेली राईड पुन्हा करता येते.

बघा, या सगळ्यात दिवसाचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक महत्त्वाचं आहे, आणि नेमकी तीच दोन टोकं नाशिकहून एका दिवसात जाऊन येणाऱ्याची मारली जातात. पहाटे चारला निघायचं ठरतं, प्रत्यक्षात पाथर्डी फाटा ओलांडेपर्यंत पाच वाजतात, घोटीला चहा, मग कोणाला गाडी लागते म्हणून थांबा, आणि गेटवर पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. म्हणजे जे बारा ते चारचं वाईट ते तुमच्या वाट्याला आख्खं आलं आणि सकाळचं चांगलं हातातून गेलं. संध्याकाळी परत ड्रायव्हरचा जीव वर-खाली, पाच वाजले की चला चला सुरू. म्हणजे दुसरं टोकही गेलं.

त्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी ऑफिसमधून लवकर सुटून निघा, खोपोली किंवा लोणावळ्यात मुक्काम करा, सकाळी आरामात गेट उघडायच्या अर्धा तास आधी हजर. वीकडेला साध्या लॉजचा खर्च चार जणांच्या कुटुंबाला चार एक्सप्रेस तिकिटांपेक्षा बहुतेक वेळा कमी किंवा तेवढाच बसतो, कारण एक्सप्रेस माणशी घ्यावी लागते आणि खोली सगळ्यांची मिळून एकच. लोणावळ्यात शनिवारी हे गणित चालत नाही, तिथले वीकेंडचे रेट सगळ्यांना माहितीयेत, तेव्हा खोपोली बघा.

मग एक्सप्रेस कोणी घ्यावी? एक्सप्रेस म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरच्या पैसे भरून घ्यायच्या दर्शन पाससारखी भानगड आहे, लाईन नसते असं नाही, वेगळी आणि छोटी असते. श्रावणी सोमवारी पासवालेही उभे असतातच की. ज्यांना शनिवार-रविवारशिवाय जमतच नाही, बरोबर कॉलेजची पोरं आहेत आणि सगळ्यांना मोठे कोस्टर करायचेच आहेत, त्यांनी बिनधास्त घ्यावी, तिथे ती वसूल होते. साध्या मंगळवार-बुधवारी घेण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. आणि घ्यायच्या आधी कुठल्या राईड्स त्यात धरल्यात ती यादी वाचा, कारण तुमच्या घरच्यांना नको असलेल्या राईड्सची लाईन टाळायला पैसे भरण्यात काय हशील.

लहान पोरांचा मुद्दा इथेच येतो. मोठ्या राईड्सना उंचीची अट असते आणि तिथे वशिला चालत नाही. माझ्या भाच्याने मापाच्या पट्टीशी उभं राहताना हळूच टाचा वर केल्या, तिथल्या पोराने काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवला आणि पट्टी पुन्हा लावली, दोन बोटं कमी. बरं हे कळलं कधी, तर लाईनच्या तोंडाशी, म्हणजे तोवर त्याच्याबरोबर एक मोठा माणूसही अडकलेला. तेव्हा उंची घरीच दाराच्या चौकटीला मोजा, वेबसाईटवरच्या अटींशी ताडून बघा आणि जी राईड होणार नाही ती आधीच मुलाला सांगून टाका, रडारड पार्किंगमध्ये झालेली परवडते. निम्म्या राईड्स बंद असलेल्या मुलासाठी पूर्ण दिवस आणि चारशे किलोमीटर, हा सौदा मला पटत नाही.

आता शिर्डी. सिन्नरवरून सरळ रस्ता, दोन तासात माणूस गेटवर, सकाळी आठला घर सोडलं तरी चालतं, त्यामुळे ती दिवसाची दोन्ही टोकं तुमच्या हातात राहतात, मुक्कामाची गरज नाही. इथे मुख्य भाग वॉटर पार्कचा, आणि वॉटर पार्कमधली रांग वेगळ्या जातीची असते. पहिली लाईन कॉस्च्युमची. कॉटनचे कपडे पाण्यात चालत नाहीत, नायलॉनचे लागतात, आणि अर्धं पार्क सकाळी भाड्याचा कॉस्च्युम आणि लॉकर या दोन खिडक्यांवर उभं असतं. स्वतःचे कॉस्च्युम घरून घालूनच निघा, एका कुटुंबाला एकच लॉकर घ्या, तिकीट ऑनलाईन काढा, एवढ्यावर पाऊण तास वाचतो. दुसरी लाईन ट्यूबची. मोठ्या घसरगुंडीवर माणसांपेक्षा ट्यूब कमी पडतात म्हणून जिन्यावर खोळंबा होतो, आणि उन्हात तो लोखंडी जिना अनवाणी पायाला काय लागतो ते ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. म्हणून घसरगुंड्या सकाळी पाणी गार असतानाच, आणि वेव्ह पूल, रेन डान्स, लेझी रिव्हर हे दुपारी, कारण तिथे लाईन नावाचा प्रकारच नाही, गर्दी असली तरी सगळे एकदमच पाण्यात.

साई तीर्थमध्ये तर रांगेपेक्षा शोच्या वेळा बघाव्या लागतात. द्वारकामाई, लंका दहन वगैरे बॅचने चालतात, वेळ चुकली की पुढच्या शोपर्यंत बसून राहा, वेळ साधली की थेट आत. आजी-आजोबा बरोबर असतील तर हे फार सोयीचं पडतं, ते तिकडे एसीत आणि आपण पोरांना घेऊन पाण्यात, अर्थात तिकीट दोन्हीकडचं वेगळं. इमॅजिकाला म्हाताऱ्या माणसांना दिवसभर चालवणं मला जिवावर येतं, खरंच.

शिर्डीचा तोटा एकच, वार. सगळीकडे गुरुवार म्हणजे मधला निवांत दिवस असतो पण तिथे तो बाबांचा वार, रस्ता, पार्किंग, हॉटेल सगळं भरलेलं. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हे तीन उत्सव आणि वर्षअखेरचा आठवडा तर नावच काढू नका, रामनवमीच्या आधी घोटी-सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पायी पालख्या असतात, गाडी हळू चालवावीच लागते. दर्शन आणि वॉटर पार्क एकाच दिवसात बसवणारे लोक मी बघतो, मला त्यांचं कौतुक वाटतं पण सल्ला देणार नाही, एका दिवसात दोन रांगा कशाला. करायचंच असेल तर पहाटेचं दर्शन आधी, पार्क नंतर.

तारखांबद्दल, दोन्हीकडे लागू होणारं. एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत वार कुठलाही असो, गर्दी असतेच. दिवाळीत आपली सुट्टी संपत आली की भाऊबीजेपासून लाभपंचमीपर्यंत गुजरातची मंडळी बाहेर पडतात, शिर्डी, लोणावळा सगळं फुल. डिसेंबर-जानेवारीचा वीकडे निवांत वाटतो पण तो शाळांच्या सहलींचा मोसम, पार्किंगमध्ये ओळीने बस दिसल्या की समजून जा, मात्र ही पोरं दुपारी चारनंतर निघतात म्हणून तेव्हा मोठ्या राईड्स संध्याकाळसाठी राखून ठेवा. माझ्या मते सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारी-मार्च, परीक्षेचे दिवस, सगळे घरात कोंडलेले. तुमच्या पोरांची परीक्षा त्याच आठवड्यात नसली म्हणजे झालं.

पावसाळ्याबद्दल लोक उगाच नाक मुरडतात. जुलै-ऑगस्टमध्ये खोपोलीला पाऊस धो धो असतो, विजा-पावसात बाहेरचे कोस्टर थांबवतात हे खरंय, त्यामुळे फक्त नायट्रोसाठी जाणाऱ्याने जाऊ नये. पण डीप स्पेस, सलीमगढ आणि हॉलमधल्या बाकी राईड्स छपराखाली आहेत आणि वीकडेला लाईन जवळपास नसते. पाऊस थांबून कोस्टर परत सुरू झाला की तिथेच घुटमळत असलेल्याला पहिला नंबर मिळतो. फक्त १५ ऑगस्टला जोडून आलेला वीकेंड टाळा, पार्कमुळे नाही, एक्सप्रेसवेच्या घाटामुळे.

इमॅजिकाच्या रस्त्याचं एक सांगायचं राहिलं. पुण्याकडून म्हणजे संगमनेर, नारायणगाव, चाकण, तळेगाव करत जाता येतं पण चाकणचा ट्रॅफिक तुमचा सकाळचा सोन्याचा तास तिथेच गिळतो, मी त्या बाजूने जात नाही. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, त्यानंतर भिवंडी-कल्याण-शिळफाट्याच्या कोंडीत शिरायचं नसेल तर शहापूरहून मुरबाड, कर्जत करत खोपोली गाठायचं. हा रस्ता दिवसा बरा, रात्री अनोळखी माणसाला वळणावळणाचा वाटतो. म्हणून जाताना दुपारच्या उजेडात हा, आणि परतताना पार्कमधून रात्री निघणार असाल तर सरळ एक्सप्रेसवेने पनवेलकडून, तोवर शिळफाट्याची गर्दीही थोडी ओसरलेली असते. गाडी चालवणाऱ्याला शेवटची ओली होणारी राईड करू देऊ नका, राजासॉरसमध्ये भिजून मग एसी लावून चार तास नाशिकपर्यंत, दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला जात नाही.