आबांची मेडलं आणि माझे २३,५५० रुपये

एकूण गेले २३,५५०. चार वेळा मिळून, माझ्याच हातानं एका ठगाला दिले. नातेवाइकांत मी अजून "गेले असतील पाचेक हजार" असंच सांगतो.

आबा १९७१ ला पश्चिम सीमेवर होते, राजस्थानच्या वाळूत. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि सैन्य सेवा मेडल अशी तीन मेडलं पत्र्याच्या ट्रंकेत होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णामाईनं ट्रंकच नेली. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, माळ्यावर होतं म्हणून वाचलं. दर २६ जानेवारीला शाळेतून झेंडावंदनाचं बोलावणं येतं आणि आबा गुडघ्याचं निमित्त सांगून घरी बसतात. गुडघा ठणठणीत आहे. मोकळा कोट घालून जायची लाज वाटते त्यांना. म्हणून मी डुप्लिकेट मेडलांच्या मागे लागलो, हौस म्हणून नाही.

माजी सैनिकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर तो भेटला. स्वतःला रिटायर्ड सुभेदार म्हणवायचा, "रेकॉर्ड ऑफिसात आपली माणसं आहेत" म्हणायचा. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणारी लष्कराची कचेरी. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: आधी थोडे, मग जरा जास्त, मग 'परत मिळणारे'. तुम्ही म्हणाल, शिकलेला माणूस आणि कळलं नाही? अहो, फोन उचलला की "राम राम साहेब". आबांचा फौजेतला नंबर सांगितला तर म्हणाला, "पार्ट टू ऑर्डरला नोंद असणार, काढतो." म्हणजे सैनिकाच्या नोकरीतल्या नोंदींचे लष्करी आदेश. मेडलं कोलकात्याच्या टाकसाळीत बनतात हे त्यानंच सांगितलं, आणि ते खरंच आहे. ओटीपी तर एकदाही मागितला नाही. मी आपला ओटीपीचं दार धरून बसलो होतो, तो मागच्या दारानं आत आला.

अर्जाचे १,८५०. नाव-नंबर कोरायचे ७,४००. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा मोबाईल शॉपीचं. विचारलं तर "भाच्याचं खातं आहे साहेब". सरकारी फी भाच्याच्या खात्यात जात नाही, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. तुम्ही तरी पैसे सोडण्याआधी ते नाव वाचा.

पण खरं जे झोंबतं ते पुढचं. त्यानं 'तयार झालेल्या' स्टारचा फोटो पाठवला. मी कौतुकानं आबांपुढे धरला. आबांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "ह्यो आपला न्हवं. ह्यो पूर्वी हाय. आमी पच्चिमला हुतो."

स्टारवर ठसठशीत 'पूर्वी' लिहिलेलं होतं. पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेच्या आघाडीवर, बांगलादेशच्या बाजूला होते त्यांचा. खऱ्या कचेरीतून, समोर डिस्चार्ज बुकाची प्रत असताना, ही चूक होईल का? आणि मी काय म्हणालो? "आबा, तुम्हाला नीट दिसत नाही, गप बसा जरा." मग त्या माणसाला फोन केला. त्यानं तोंडभरून माफी मागितली आणि दुरुस्तीचे २,८०० घेतले. त्याची चूक, दुरुस्तीचे पैसे मी भरले! आबा त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. तिथेच थांबलो असतो तर ९,२५० वर निभावलं असतं.

शेवटचे ११,५०० 'विमा आणि ठेव', पार्सल मिळाल्यावर परत. पार्सल आलं. कडा कोऱ्या. अस्सल गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं, इथे एक अक्षर नाही. छावणीच्या बाजारात युनिफॉर्म शिवणाऱ्याकडे नेली. त्यानं हातातही घेतली नाहीत. "कोटावर लावायच्या नकला आहेत, साडेसातशेला तिन्ही देतो." तो निदान नक्कल म्हणून विकतो.

मग पोलीस ठाणे. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी "हे सायबरचं, जिल्ह्याला जा". जिल्ह्याला गेलो, तर "रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या". परत ठाण्यात. तिथे एकानं चहा पीत विचारलं, "पार्सल आलं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं, ४२० लागत नाही का? तर हसून म्हणाला, "काका, आता ३१८ झालं ते." कलमाचा नवा नंबर पाठ, पण ते लावायला हात उचलेना! माजी सैनिकांसाठीच्या एका कचेरीत तर माझ्यावरच उलटले, आधी आमच्याकडे का नाही आलात म्हणून. अहो, आलो होतो. दोनदा. "संबंधित रजेवर आहेत" हे तुमच्याच खिडकीतून ऐकलंय.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी चौथ्या दिवशी केला, तोवर पैसे पुढे गेले होते. तुम्ही त्याच तासात करा. आणि डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), आधार यांचे फोटो कुणाला व्हॉट्सॲपवर देऊ नका. आबांचे तिन्ही त्याच्याकडे आहेत. पेन्शनच्या तारखेला अजून पोटात गोळा येतो.

आता रीतसर अर्ज रेकॉर्ड ऑफिसला गेलाय, हरवल्याचा पोलिस दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून. मधे माणूस नाही.

परवा नवाच फोन आला. "तुमचे २३,५५० परत मिळवून देतो, फाईल चार्ज फक्त ९९९." घरच्यांनाही न सांगितलेला आकडा त्याला तोंडपाठ! मी काही न बोलता फोन आबांच्या हातात दिला. आबांनी दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पलटणीतल्या भाषेत जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही.