साधं डांबर की पीएमबी? वरच्या थराची निविदा काढण्याआधी

नगरपरिषदेच्या रस्त्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर टाकायचा ठरला की प्रश्न येतो तो डांबराचा: नेहमीच्या साध्या डांबरावर, म्हणजे व्हीजी-३० वर भागवायचं, की पॉलिमर मिसळलेल्या पीएमबीला जादा पैसे मोजायचे?

आधी पैशांचं बघू. मिश्रणात डांबर असतं जेमतेम पाच-साडेपाच टक्के, बाकी सगळी खडी. ७ मीटर रुंद, १ किलोमीटर लांब रस्त्याच्या अशा थराला साधारण ३५ टन डांबर लागतं. पीएमबी किलोमागे १० रुपयांनी महाग धरलं, तर फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे चौरस मीटरला ५० रुपये. थराचा एकूण खर्च चौरस मीटरला ५०० रुपये धरला तर वाढ १० टक्के. पाच वर्षं टिकणारा थर साडेपाच वर्षं टिकला की हे पैसे ढोबळमानाने वसूल होतात. तुमच्या जिल्ह्याचे चालू दर घालून हे गणित पुन्हा करा, दहा मिनिटांचं काम आहे.

पण थर तेवढा जास्त टिकेल का? ते रस्ता कशाने खराब होतो यावर आहे. व्हीजी-३० चा मृदुबिंदू, म्हणजे डांबर मऊ पडू लागतं ते तापमान, किमान ४७ अंश असावा लागतो, आणि विदर्भात मे महिन्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. एसटी स्टँडसमोर, सिग्नलला, घाटाच्या चढावर जड गाड्या रेंगाळतात, तिथे चाकोऱ्या पडतात, थराच्या लाटा होतात. पीएमबी उन्हात तेवढं मऊ पडत नाही, म्हणून अशा जागी माझं मत ठामपणे त्याच्या बाजूने आहे.

याउलट गटार तुंबून रस्त्यावर पाणी साचत असेल, तर कुठलंही डांबर तो रस्ता वाचवणार नाही. पाणी थरात मुरतं, खडी सुटते, खड्डा पडतो. तिथे ते साडेतीन लाख आधी गटारावर आणि साइडपट्टीच्या उतारावर घाला. कोकणातल्या गल्लीबोळांत तर मी हाच आग्रह धरेन.

प्लांटही बघावा लागतो. पीएमबीचं मिश्रण व्हीजी-३० पेक्षा जास्त तापमानाला करावं लागतं आणि गरम असतानाच दाबावं लागतं. प्लांट लांब असेल, डंपरवर ताडपत्री नसेल, तर माल निवतो, रोलर फिरूनही दाब बसत नाही, आणि महागडं डांबर वाया जातं. छोट्या पॅचवर्कला म्हणूनच साधं डांबर बरं.

जुन्या टायरच्या रबराचं सीआरएमबी किमतीत मधलं. मात्र टाकीत ते सतत ढवळावं लागतं, नाहीतर रबर तळाशी बसतं. प्लांटवर ढवळणी चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघा. प्लास्टिकचा मार्ग वेगळा: तापलेल्या खडीवर डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिकचा चुरा टाकतात. वस्ती-कॉलनीच्या रस्त्यांना पर्याय चांगला आहे, पण चुऱ्यात पीव्हीसी अजिबात चालत नाही, तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतो.

पीएमबी ठरलंच, तर आलेल्या प्रत्येक टँकरचा नमुना सील करून घ्या आणि प्रयोगशाळेत 'इलॅस्टिक रिकव्हरी' तपासा. नमुना १५ अंशांवर १० सेंटिमीटर ताणतात, मधोमध कापतात आणि तासाभराने किती आखडला ते मोजतात. खरं पीएमबी निम्म्याहून बरंच जास्त मागे येतं, साधं डांबर जवळपास तसंच लोंबत राहतं. पीएमबीच्या नावाने साधं डांबर आलं असेल, तर ते इथे पकडलं जातं. अहवाल हाती येईपर्यंत बिल अडवायची अट निविदेतच लिहा.